चूल वेगळी

टॅव्हरली गावाला खासदार दोन होते
आणि पाण्याचा पंप एक, तोही गळका.
आसपासच्या गावांत मत कुठे जमिनीला,
कुठे बापाच्या नावाला.
इथे मत चुलीला.
ज्याचं भांडं स्वतःच्या विस्तवावर उकळतं
तो मतदार.
दुसऱ्याच्या ताटात जेवणारा नाही.

म्हणून निवडणुकीच्या आदल्या रात्री
सगळं गाव वेगळं निघायचं,
भाऊ भावापासून, सासरा जावयापासून.
घरोघरी मातीच्या चुली म्हणतात,
इथे एकेका घरात तीन,
मध्ये विटांची एक ओळ.
भांडण नाही, वाटणी नाही,
फक्त पाच गिन्या चुलीमागे.
सकाळी भांडी रस्त्यावर यायची
आणि सगळे उघड्यावर जेवायचे,
म्हणजे कारकुनाला दिसावं
वाफ खरी आहे.

ओबेड हॅनफर्डचं भांडं बिडाचं, तीन पायांचं,
एका कानाला चीर.
त्यात काय शिजतं ते ओबेडला ठाऊक नसे.
सलगम, बार्ली, नाताळला डुकराचा खूर,
ते कीझियाला ठाऊक.
लाकडं तिने फोडली, फुंकर तिने घातली,
धूर तिच्याच डोळ्यांत गेला.
कारकुनाने वाफेकडे नीट पाहिलं
आणि लिहिलं:
हॅनफर्ड, ओबेड. चूल एक.

एका वर्षी मतं फिरली.
टेकडीवरच्या साहेबांनी कुणाला काही विचारलं नाही.
धुराडी मोजली.
मार्चमध्ये पहारी घेऊन माणसं आली
आणि गिरणीमागची आळी पाडली, अडतीस घरं.
घर त्यांचंच होतं, भाडेकरू आम्ही,
असं त्यांचा मुकादम सांगत होता, टोपी काढून, अदबीने.

कीझियाने भांडं कडेवर घेतलं, मूल घ्यावं तसं,
(मूल ओबेडकडे होतं, रडत)
आणि संध्याकाळी चर्चच्या भिंतीच्या आडोशाला
तीन दगड मांडले.
कारकून आला. हिला छप्पर नाही, म्हणाला.
ती म्हणाली, पुस्तकात बघा, छप्पर लिहिलंय का.
त्याने पाहिलं. पान उलटलं. पुन्हा पाहिलं.
मग लिहिलं:
हॅनफर्ड, ओबेड.

बत्तीस साली कायदा आला.
दोन खासदारांचा एक झाला,
मत आता दहा पौंडांच्या घराला.
जुन्या चुलींना मुभा, धनी जिवंत असेतो.
मग दर वर्षी यादीत एखादी आडवी रेघ:
कोणी खोकल्याने, कोणी कालव्यात,
एक कॅनडाला गेला, त्याचीही रेघ तशीच.

पासष्ट साली चुलीचा मतदार एकच उरला होता.
मुलाने त्याला पाठीवर घेऊन मंचावर चढवलं.
नाव सांगा, म्हणाले. मत तेव्हा ओरडूनच द्यायचं.
बहिऱ्या ओबेडने छाती भरून ओरडून
वीस वर्षांपूर्वी मेलेल्या उमेदवाराचं नाव सांगितलं.
गावाने टोप्या उडवल्या.
असं म्हणतात की त्या दिवशी जिंकलेला माणूस
त्याच्याइतका लोकांना आवडला नाही.

ओबेड त्या हिवाळ्यात गेला.
तीन वर्षांनी मतदारसंघही गेला,
जिल्ह्यात मिसळला, मीठ मिसळावं तसा.
मतदान आता तेरा मैलांवर.
नोव्हेंबरातल्या त्या सकाळी
गाड्या भरून माणसं निघाली तेव्हा
कीझियाने भांडं रस्त्यात आणून ठेवलं.
वय ऐंशीच्या पुढे, फुंकणी हातात.
पाहायला कारकून नव्हता.
एका गाडीवानाने लगाम ओढून विचारलं,
आजी, कोणासाठी?
तिने त्याला वाटीभर सूप दिलं.
तो उभ्या उभ्या प्यायला आणि निघाला. उशीर होत होता.

ते भांडं आता जुन्या नगरभवनाच्या दारात आहे,
त्यात पँझी लावल्यात, पिवळ्या आणि जांभळ्या.
पाटीवर लिहिलंय:
ओबेड हॅनफर्ड यांचे भांडे.
खाली हात घालून बूड चोळून पाहिलं
तर बोटाला काजळी लागते अजून.