काहीही हालचाल नाही

आर्वोने म्हणे ऑक्टोबरात टल्सामध्ये सोफा घेतला,
तीन माणसांचा, मरून रंगाचा.
मरून तेव्हा त्याला सात महिने झाले होते.

हेल्मी कांगास पत्र काउंटरवर ठेवते,
चष्मा कपाळावर सारते आणि मलाच जाब विचारते:
"त्याला हा रंग कधी आवडला होता?"

डुलुथच्या या पतपेढीत अकरा वर्षं
मी काचेच्या अलीकडे बसतोय.
पाकीट हरवलं की लोक धावत येतात.
नाव हरवलं की येतात उशिरा,
कारण ते जागेवरच असतं,
दारावर, औषधाच्या बाटलीवर,
थडग्याच्या दगडावर तर कोरलेलं.

मी नेहमीचं सांगितलं. तक्रार, दाखला, तीन पत्रं पोचपावतीसह.
तिनं सगळं केलं, एक अख्खा हिवाळा.
सोफा माफ झाला. फोन माफ झाला.
ट्रकचे चार टायर मात्र एप्रिलपर्यंत भांडत राहिले.

मग ते पत्रक आलं. कुलपाचं चित्र,
कुलपाच्या आत हसणारं म्हातारं जोडपं,
दोघांचेही दात शाबूत.
महिना पंधरा डॉलर. आम्ही जागतो, तुम्ही झोपा.
"घेऊ का?" ती म्हणाली.

जे सांगण्याचा मला पगार नाही ते मी सांगितलं:
हे राखणदार दार धरत नाहीत, हेल्मी.
चोर येऊन गेला की कळवतात,
अमुक वाजता आला, अमुक बाजूनं गेला.
बैल गेला नि झोपा केला,
आणि त्या झोप्याचा हप्ता दर महिन्याला.
त्यापेक्षा खातं गोठवून टाक. फुकट होतं.
तीन फोन, अर्धा तास,
मग तुझ्या नावावर कुणालाच उधार नाही,
तुलाही नाही, तू स्वतः वितळवेपर्यंत.

"गोठवायचं," ती म्हणाली
आणि खिडकीतून बंदराकडे पाहत राहिली.
कडेकडेनं बर्फ धरायला लागला होता.
"आर्वो म्हणायचा, चार इंचांवर माणूस, बारावर ट्रक.
मधला हिशेब ज्याचा चुकतो
त्याची टोपी वसंतात सापडते."

माझ्या जेवणाच्या सुट्टीत, माझ्याच फोनवरून
आम्ही दोघांची नावं गोठवली.
तिसऱ्या फोनवर पलीकडची मुलगी म्हणाली,
खातेदाराला स्वतः बोलू द्या.
हेल्मी म्हणाली, "मीही तेच म्हणतेय
गेल्या मार्चपासून."
माझं सँडविच तसंच राहिलं.

तरीही पंधरा डॉलर जातातच.
पुढच्या हिवाळ्यात तिच्या उताऱ्यावर दिसले, महिन्यामागून महिना.
मी म्हटलं, "बंद करून देऊ? वर्षाचे एकशे ऐंशी होतात.
कुलपावर कुलूप कशाला?"

तिनं पिशवीतून फोन काढला, अंगठ्यानं वर वर सरकवत नेला.
दर एक तारखेला, पहाटे सहाला:
आर्वो कांगास. या महिन्यात काहीही हालचाल नाही.
आर्वो कांगास. या महिन्यात काहीही हालचाल नाही.
अकरा वेळा.

"आता त्याला टपालही येत नाही," ती म्हणाली.
"मुलगा 'डॅड' म्हणतो, तेही थँक्सगिव्हिंगला, टर्की कापताना.
पूर्ण नाव लिहिणारं
हे एवढंच उरलंय.
आणि बघ ना, बातमीही वाईट नसते."

मी उतारा घडी घालून परत दिला.

तिच्या मागचा पोरगा पुढे सरकला,
नवीन लग्न, हातात तेच कुलपाचं पत्रक.
"याचा काही उपयोग असतो का?"
नाही, मी म्हटलं. गोठवून टाक. फुकट आहे.
"नक्की?"
नक्की.

बाहेर मीठ टाकलेल्या पायरीवर
हेल्मी एक हातमोजा दातात धरून उभी होती,
दोन बोटांनी पडद्यावरची अक्षरं
मोठी करून पाहत.