खाडाखोड

चिकोडीच्या कचेरीत रात्री साडेनऊला
मॉडेल म्हणालं : सदलग्याला पाच मीटर चाळीस.
पायगोंडा म्हणाला : सहा, आणि वर चार बोटं.
त्याच्या छत्रीवरचा पाऊस फोनमध्ये इतका वाजत होता
की 'बोटं' मला दोनदा विचारावं लागलं.

सदुसष्ट सेंटिमीटर.
बोरगावच्या रस्त्यावर तेवढ्यात
मोटारसायकल पलीकडे पोचते
किंवा पोचत नाही.

मॉडेलचा तरी काय दोष!
काळम्मावाडी, पाटगाव, हद्दीपलीकडचा सगळा पाऊस
त्याच्या हिशेबात चोख,
माती किती पिते, ओढे किती सोडतात, तेही.
फक्त कल्लोळला काय चाललंय ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पायगोंडानं सांगितलं, जमेल त्या भाषेत :
"बाई, खाली कृष्णा तुंबलीया.
दूधगंगेला आत घेईना झालीया.
नीर निंतैती."
पाणी थांबलंय.
माझ्या समीकरणांत थांबलेल्या पाण्याला जागा नव्हती,
तिथं नदी सदा उताराला लागलेली.

मागच्या सहा तासांच्या चुका मी ओळीनं मांडल्या.
बारा, एकोणीस, एकतीस,
चव्वेचाळीस, छप्पन्न, सदुसष्ट.
एवढ्या शिस्तीत चढत गेलेली चूक
मी दुपारीच ऐकायला हवी होती.
चहा पीत होते तेव्हा.

आता हीच चूक पुढच्या अंदाजात कालवायची.
किती? सगळं अडतं ते तिथंच.
मॉडेल झोपत नाही, त्याला थंडी वाजत नाही.
पायगोंडाच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं,
पट्टीवरचा रंग उडालेला,
बॅटरीच्या उजेडात तिनाचा आठ होतो.
कुणाच्या पदरात किती माप टाकू?

मे महिन्यात त्याची वही पाहिली होती.
गेल्या जुलैच्या पानावर पाच ऐंशी खोडून
खाली सहा दहा.
हुक्केरी साहेब म्हणाले, असली खाडाखोडीची वही
पुढे पाठवू नका.
मी पायगोंडाला विचारलं, तर लाजला.
"आधी वरच्या पायरीवरनं बघिटलं हो.
मग मनाला पटंना. खाली उतरलो.
जिथं कोरडं असायला पायजे तिथं पाय भिजला."

तो भिजलेला पाय आठवून
दहातले सात मी त्याला दिले, तीन मॉडेलला.

अकराला संदेश गेला :
पहाटे पाचपर्यंत सहा मीटर सत्तर,
नदीकाठच्या मळ्यांतली जनावरं वर आणावीत.
मी आणखी एक ओळ लिहिली होती,
की ही दुरुस्ती आठ-दहा तास टिकते,
मग विरत जाते, मॉडेल परत आपल्या मनाचं बोलू लागतं,
म्हणून दुपारचं आत्ताच विचारू नका.
साहेबांनी ती ओळ काढली.
लोक घाबरतात, म्हणाले.

एकच्या सुमाराला सदलग्याहून कुणा भरमव्वाचा फोन आला,
नंबर कुठून मिळाला देव जाणे.
म्हशी हलल्या, पण वासरू पुलाजवळ अडून बसलंय,
अजून किती वेळ आहे?
तीन तास, मी म्हणाले.
म्हणाले, आणि मग बसून पुन्हा गणित केलं.
दोन तास पन्नास मिनिटं.
परत फोन लावला. तिनं उचलला नाही.

पहाटे पाच.
"सहा ऐंशी," पायगोंडा म्हणाला.
दहा सेंटिमीटरनं मी चुकले होते,
दहा सेंटिमीटर मी वहीत घेतले, सहाच्या अंदाजासाठी.
वासराचं विचारणार होते, एवढ्यात तोच म्हणाला,
"थांबा बाई. परत बघून येतो."

फोन चालूच होता.
पायऱ्यांवर त्याची चप्पल, मग चप्पल नाही,
मग पाण्यातलं पाऊल.
मी सहा ऐंशी लिहून ठेवलं
आणि खाली एक ओळ
कोरी सोडली.