माझ्या कानाकडे बघा

हनुवटी इथे. कपाळ पट्टीला टेकवा.
आता माझ्या कानाकडे बघा.
हे वाक्य मला सहा भाषांत येतं,
त्यातल्या तीन भाषांत दुसरं काहीच येत नाही.

मुहर्रकच्या दवाखान्यात सातला एसी गळू लागतो,
बादलीत टप, टप,
आणि मी अंधार करून उजेडाची एक चीर सोडते
किलकिल्या दारातून येते तशी, उभी, बारीक.
आधी पारपटल, घड्याळाच्या काचेसारखं, रक्ताचा थेंब नसलेलं.
त्यामागे पाण्याची इवलीशी खोली.
मग बुबुळ, मधे काळी बाहुली.
तिला आपण बाहुली का म्हणतो ते रोज कळतं :
आत मीच असते, नखाएवढी,
कुणाच्या तरी डोळ्यात ड्यूटीवर.

मुनाफ सोलकर, मंडणगडचा, गोदीत वेल्डर.
रात्रभर डोळ्यांत मिरची कुटत होती म्हणाला.
काच लावली नव्हतीस?
"एकच टाका होता, ताई."
नाकाच्या बाजूने मांसाची वेलही चढलेली,
ऊन, वारा, वाळू, सगळं खतपाणी आयतं.
"कापली तर परत येते?"
येते कधीकधी.
"म्हणजे माझ्यासारखीच. दर दोन वर्षांनी."
हसला, आणि डोळ्यांतून पाणी आलं,
ते मी टिपलं. ते दुखण्याचंच होतं.

हाजी जुमआ नव्वदीचे. लहानपणी मोत्यांच्या गलबतावर
पाणक्या पोरगा म्हणून गेलेले.
तक्त्यावरची अक्षरं नकोत त्यांना,
तीन पायांचा तो आकडा कुठे तोंड करून आहे
ते हातानं दाखवतात : वर, खाली, समुद्राकडे.
भिंग पिकलंय. दुधी झालंय पार.
मी सांगितलं, आमच्याकडे याला मोती म्हणतात.
नातवानं ते अरबीत सांगितलं, दोनदा.
म्हातारा इतका हसला की हनुवटी पट्टीवरून सुटली.
आम्ही म्हणतो पाणी, म्हणाले, पांढरं पाणी.
बाप बुडी मारमारून बहिरा झाला, आयुष्यात एक बरा सापडला नाही,
आणि मला घरबसल्या दोन?
काढा. पण विकू नका.

पांढरं पाणी काढता येतं.
दुसरं असतं निळं, आपला काचबिंदू,
तो दुखत नाही, लाल होत नाही, सांगत नाही.
चौकटीला वाळवी लागावी तशी नजर कडेनं खातो.
समोरचा टीव्ही स्वच्छ दिसतो,
बाजूनं येणारी मोटारसायकल नाही.
गेलेलं परत येत नाही. उरलेलं थेंबांनी राखायचं.
घरात कुणाला असेल तर भावंडांनी तपासून घ्यावं :
हे मी दिवसातून दहादा सांगते,
चाळिशी नाकावर ढकलत.

शुक्रवारी विट्याहून आक्काचा व्हिडिओ कॉल.
नेहमीप्रमाणे फोन कानाला लावलेला,
मला नुसता कान दिसतो, कुडीचं भोक ओघळलेलं.
आक्का, समोर धर गं.
धरला. बोलता बोलता
डावीकडचा चहाचा कप हातानं उडाला.
"मेला कुठून आला मधेच," म्हणाली.
गेल्या महिन्यातही एक कप असाच.
तेव्हा मी कपाचा दोष काढला होता.

रात्री डोळ्याला डोळा नाही.

शनिवारी दुपारी, पेशंट जेवायला गेल्यावर,
मी यंत्राच्या या बाजूला येऊन बसले.
एवढी वर्षं दिवा माझा, डोळा दुसऱ्याचा.
पट्टी गार होती. वर कुणाच्या तरी घामाचा वास.
मारिबेलनं अंधार केला,
आणि माझंच वाक्य, तिच्या उच्चारात, माझ्यावर.
मी बघितलं.
कानात काही नव्हतं तिच्या, ड्यूटीवर चालत नाही.
नुसतं भोक.
"हलू नकोस," ती म्हणाली,
आणि बराच वेळ काही बोलली नाही.
बादलीत टप.