कांद्याचं पाणी

थोंगयोंगच्या धक्क्यावर आम्ही कालवं फोडतो
पहाटे चारपासून, किलोवर मजुरी.
संध्याकाळी हात आपले वाटत नाहीत.
मग मल्सूनबाईंच्या माडीवर, तापलेल्या जमिनीवर पाय पसरून
तीच मालिका. चौथ्यांदा.
सोळा भाग, एक मेलेला दीपगृहवाला,
आणि त्याची बायको, जिला एकच अट:
रडलीस, की तो गेला.

एवढंच. बाकी सगळा भात, बर्फ
आणि दाराशी काढलेले बूट.

कान थोहून मी इथे सून म्हणून आले
तेव्हा भाषा शिकले ती या मेलेल्या माणसाकडून.
बाजारात पहिल्यांदा बांगडा मागितला
तर मासळीवाली हसता हसता खालीच बसली:
"थुई, अगं भुतासारखं बोलतेस,
तेही माझ्या पणजोबांच्या वेळच्या!"
अजूनही "निघते" म्हणायचं तिथे
माझ्या तोंडून "विरते" येतं.

नवव्या भागात ती कांदा चिरते.
इथे दर वेळी भांडण.
ग्योंगजा म्हणते, हे रडणं धरायचं नाही,
पाणी डोळ्याचं आहे, तिचं नाही.
मल्सूनबाई म्हणतात, डोळे फुटले का तुझे? बघ कसा पुसट झालाय,
खांद्यातून मागचं कॅलेंडर दिसतंय.
"कॅमेऱ्याची चूक आहे ती."
"मग दहाव्या भागात त्याचा डावा हात कुठे गेला?"
थांबव. मागे घे. थांबव.
रिमोटवरचा मागे जायचा बाण झिजून गेलाय.
अट घातली आणि कांद्याचं काही लिहिलंच नाही;
नियम करणारे स्वयंपाकघरात कधी गेलेत?

ओक्बूनबाई या वादात पडत नाहीत.
नववा भाग लागला की उठतात,
जवाचा चहा ठेवतात,
आणि चहा नेमका तेवढाच वेळ उकळतो
जेवढा एक कांदा चिरायला लागतो.

या खेपेला ग्योंगजानं त्यांना सहज विचारलं,
तुम्ही सांगा, धरायचं की नाही?
पेले मांडता मांडता त्या म्हणाल्या,
"धरतात.
अकरा वर्षं मी घरात कांदा आणला नाही."

पडद्यावर कुणीतरी दार वाजवत होतं.
आवाज कमी करायचं कुणाला सुचलं नाही.
अकरा वर्षं. म्हणजे ती नाव,
जिचं एक निळं पिंप तेवढं किनाऱ्याला लागलं.
आणि मालिका तर सहा वर्षांपूर्वीची.
मी बोटांवर हिशेब केला,
पुन्हा केला.
अट त्यांना आधीपासूनच ठाऊक होती.

सोळाव्या भागात ती रडते.
ग्योंगजा म्हणते हरली, मल्सूनबाई म्हणतात सुटली,
मी म्हणते, सहा महिने त्याच्यासाठी जास्तीचा तांदूळ धुतला,
कंटाळलीही असेल.
त्यावर चौघी हसलो. ओक्बूनबाई सर्वांत उशिरा थांबल्या.

नोव्हेंबरअखेर किमची घालायचा दिवस.
माडीवर कोबीचे डोंगर, तिखटानं लाल झालेले हातमोजे,
आणि कांद्याच्या टोपलीशी मी.
ओक्बूनबाई आल्या, माझ्या हातातली सुरी काढून घेतली,
बसल्या.

कुणी काही बोललं नाही.
ग्योंगजा मीठ शोधायला लागली,
मीठ तिच्या गुडघ्याशीच होतं.
एक कांदा. दुसरा. पाचवा.
हनुवटीवरून धार हातमोज्यावर उतरत होती
आणि त्या चिरत होत्या, बारीक, एकसारखं,
मालिकेतल्या त्या बाईपेक्षा कितीतरी बारीक.
मी दाराशी काढलेले बूट मोजले.
चार जोड. आम्ही चौघी.
तरी एकदा पुन्हा मोजले.

"या वर्षीचे कांदे फार गोड आहेत गं," त्या म्हणाल्या,
"काहीच झोंबत नाही.
अजून दे."