पाचवा रकाना

उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीत
श्टोल्त्ससाहेब आले तेव्हा एप्रिल होता.
पत्रा इतका तापलेला
की भट्टी विझली असती तरी कुणाला कळलं नसतं.
त्यांच्यासोबत तीन खोकी, एक करार,
आणि ओलावा मोजायचं यंत्र, मखमलीत निजवलेलं.

ड्रॉइंगं आली ती थेट कपाटात गेली.
किल्ली अकाउंट्सच्या हेरेकरांकडे.
वर शिक्का : गोपनीय.
म्हणजे ज्यांनी साचा भरायचा
ते सोडून सगळ्यांनी बघायची.

मी मधली. क्वालिटीची वही माझी.
साहेबांना इंग्रजी, इराप्पा कम्मारला कन्नड,
भावकाण्णा मुतगेकरांना मराठी,
आणि मालकांना नुसतं ‘होईल, होईल’.

यंत्र म्हणालं, तीन पूर्णांक दोन.
करारातही तीन पूर्णांक दोन.
साच्यातून निघालेल्या ब्लॉकच्या कडा मात्र ढासळलेल्या,
अंगात वाळू रुतलेली, देवी आल्यागत.
एकवीस नग. एकवीसही भंगारात.

मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, शिस्त नाही.
इराप्पा म्हणाला, मशीनला अक्कल नाही.
मी दोन्ही वाक्यं वाटेत जरा मऊ केली,
आणि आता वाटतं, थोडं लोखंड
तिथंच सांडलं.

मुतगेकरांना मीटिंगची खुर्ची नव्हती.
ते शेडमध्ये वाळू मुठीत दाबून बघत होते.
“हिला अजून तहान हाय,” म्हणाले.
साहेबांनी विचारलं, किती?
“एवढी.”
आणि मूठ उघडली.

हे कसं उतरवायचं मला कळलं नाही.

पण खरं सांगायचं तर
कुलूप काही एका कपाटालाच नव्हतं.
मुतगेकरांच्या खिशात चंचीएवढी वही,
माती किती, कोळशाची पूड किती, तीस वर्षांचं सगळं,
पोटच्या पोरालाही न दाखवलेलं.
इराप्पा आठ वर्षं शेजारी उभा राहून
नजरेनं चोरत होता, तेही निम्मंच.

शनिवारी मी किल्ली मागितली.
हेरेकर म्हणाले, कुणाच्या सहीनं?
मी माझी केली.
ड्रॉइंग वाळूच्या ढिगावर पसरलं,
कोपऱ्यांवर कालच्या भंगाराचे तुकडे.
साहेब लाल झाले, पण बोलले नाहीत.
मुतगेकरांनी उलट्या बाजूनं बराच वेळ पाहिलं,
एका कोपऱ्यावर बोट ठेवलं :
“हितं मी एवढी धार ठेवली नसती.”
मग हात धोतराला पुसून
वही काढली.

तेव्हा उलगडलं :
आमची वाळू शंभरदा भाजलेली,
तिच्यातली मेलेली माती पाणी पिते, चिकटत नाही.
यंत्र ते पाणीही मोजायचं.
मूठ मोजत नव्हती.

साहेबांनी घड्याळ उतरवून
मनगटापर्यंत हात वाळूत घातला.
“ओत्तु, ओत्तु!” इराप्पा ओरडला,
आणि ते दाबू लागले.
मला कुणी काही विचारलं नाही.

भिंतीवर खडूनं रकाने आखले :
जर्मन, कन्नड, मराठी, आकडा.
उसुकू आणि वाळू शेजारी शेजारी, न भांडता.
पाचव्याला नाव सुचेना;
कुणीतरी तिथं मूठ काढली,
अंगठा चुकीच्या बाजूला.

शंभरातले अकरा नग अजून जातात.
हेरेकरांनी माझ्या सहीचा खुलासा मागितलाय, लेखी.

आणि परवा तिकडून पत्र आलं :
पाचव्या रकान्याचं एकक कळवावं.
मी तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं.
शेवटी मुतगेकरांनी दाबलेला एक गोळा,
चार बोटांचे ठसे असलेला,
कापसात गुंडाळून कुरिअरला नेला.

काउंटरवरच्या पोरानं विचारलं,
“ओळग एन ऐती, अक्का?”
फॉर्मवर पुढचा प्रश्न होता : किंमत.
मागे रांग वाढत होती.