छाटणीचे दिवस

पाऊस गेला, असं अजून कोणी म्हणत नाही.
छत्री डिकीत राहू दे, मंदा म्हणते,
आणि मागे बसते, एका बाजूला पाय सोडून.

एकतीस वर्षं नोट प्रेसमध्ये
कोऱ्या नोटा मोजल्या, दुसऱ्यांच्या.
आज खिशात तीनशे,
आणि मंगळवार अख्खा सुटा.

मखमलाबादच्या रस्त्याला
नुकत्या छाटलेल्या बागा, उघड्याबोडक्या.
काड्यांना पेस्ट लावता लावता
बायका कुणाच्या तरी सासूवर हसतायत.
मंदाही हसते,
सासू कोण ते माहीत नसताना.

मिसळीवर तर्री तीच मागते,
जिनं मार्चपासून माझं तेल मोजलंय.
पापड मोडते. माझ्याकडे बघत नाही.
मीही रस्सा दोनदा घेतो,
बोलत काहीच नाही.

गंगापूरचं धरण काठोकाठ.
एक पाणकावळा पंख वाळत घालून बसलेला,
चिमटे न लावलेल्या शर्टासारखा.
आम्ही गिझरच्या कॉइलबद्दल बोलतो.
मग तेही राहतं.

येताना, सातपूरच्या सिग्नलला,
गुडघ्यांना पहिल्यांदा गार लागलं.
तिनं मागून माझ्या खिशात हात घातला.
सुटे चाळीस होते.
मोजले नाहीत तिनं,
हात मात्र
घरापर्यंत तिथंच.