कुमुदला, तळ्याबद्दल

कुमुद,
तू विचारलंस, परसात तळं करायचं तर
सुरुवात कुठून, आणि विचारायचं कोणाला.
एक पुस्तक आहे माझ्याकडे, पाठवते.
चित्रं छान आहेत, पण ती बाग
कुठल्याशा थंड देशातली.
तिथे घूस नसावी.

माझ्या पहिल्या तळ्याला
शहापूरच्या बाजारातली निळी ताडपत्री होती,
दुहेरी, साडेसातशेची.
आठ दिवस पाणी टिकलं.
नवव्या सकाळी तळाशी नुसता चिखल,
आणि मुठीएवढं भोक,
कुरतडलेलं, पण अगदी गोल.

म्हणून आधी मल्लव्वाचं नाव लिहिते.
पत्ता सोपा, आमच्या समोरची गल्ली, खानापूर.
कौलांच्या कारखान्यात तीस वर्षं माती मळली तिने.
कुंपणावरून डोकावून म्हणाली,
"होंड दोड्डदायितु."
मला वाटलं, कुणाची तरी मोटारसायकल.
होंड म्हणजे खड्डा,
हे मला इथे जन्म काढून
त्या दिवशी कळलं.

जागा निवडताना फणसाखाली नको.
मी सावलीच्या लोभाने तिथेच आखलं होतं,
मुळांनी पहारीला दाद दिली नाही,
ते बरंच झालं.
अर्धा दिवस ऊन, अर्धा दिवस भिंतीची सावली,
एवढं बघ.

कडेची पातळी डोळ्यांनी ठरवू नकोस.
मुश्ताक गवंड्याकडे पारदर्शक नळी आहे,
भाडं घेत नाही, चहा घेतो, दोनदा.
नळीत पाणी भरायचं, एक टोक त्याच्याकडे, एक तुझ्याकडे;
पाणी जिथे थांबेल ती कड.
मला सरळ दिसलेली माझी कड
चार बोटं कललेली निघाली.
मुश्ताक काही बोलला नाही,
फक्त नळी हलवून पुन्हा दाखवली.

माती नदीकाठची, चिकण, अर्धी ट्रॉली.
मल्लव्वा पदर खोचून उतरली, मग मीही.
टाचेने तुडवायची, बोटांनी नाही.
वाळूचा कण येऊ द्यायचा नाही.
एकमेकींचे खांदे धरून गोल गोल,
तिचे गुडघे कुरकुरतायत, माझी कंबर,
शेजारची पोरं भिंतीवर बसून हसतायत.
वीतभर थर झाला,
टाच उमटेनाशी झाली, तेव्हा म्हणाली, "साकु."
त्याच संध्याकाळी पाणी भर.
एक ऊन खाल्लं की माती भेगाळते
आणि मग ती कुणाचं ऐकत नाही.

नळाचं पाणी दोन दिवस तसंच राहू दे,
औषधाचा वास उडू दे. मासे नंतर.
ते विकत घेऊ नकोस,
हिवताप विभागात गप्पी फुकट देतात.
तिथले नागनूर वहीत सही घेतात.
'उद्देश' या रकान्यात काय लिहू, विचारलं,
तर मान वर न करता म्हणाले,
"सोळ्ळे लिहा. डास."
लिहिलं. दोन्ही.

आणि एक. हे पुस्तकातही होतं,
मी वाचलं होतं,
पेन्सिलीने खूणसुद्धा केली होती,
आणि केलं नव्हतं.
एका बाजूला चढण हवी.
पडलेल्याला वर येता यायला हवं.
खारीचं पिल्लू होतं, शेपूट अजून फुललंही नव्हतं.
त्याच दुपारी एक जांभा चिरा तिरका लावला,
अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर.
तू तो आधी लाव. मासे, फुलं, सगळ्याच्या आधी.

आता चिऱ्यावर रोज सकाळी
कुणाची ना कुणाची ओली पावलं असतात.
बेडूक आला आहे, बोलावला नव्हता.

मल्लव्वाच्या भाच्याने नंदगडच्या तळ्यातून
तुझ्या नावाच्या फुलाचा कंद आणून दिला,
ओल्या गोणपाटात गुंडाळून, बसमधून, मांडीवर.
चार पानं आली आहेत.
ती रोज दिवेलागणीला येते,
कडेशी बसते, पाय पाण्यात सोडते,
(सोडू नयेत, पुस्तकात लिहिलंय)
आणि विचारते, "बंतेनु?"
मी वाकून बघते,
टॉर्च लावून बघते,
आणि म्हणते, "इन्नू इल्ला."
अजून नाही.